खैराटची हिरवी पाटी

खैराट हे नाव रायगड जिल्ह्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसेल, आणि जिल्ह्यातही सगळ्यांना असेल असं नाही. धनगरवाड्याची लहानशी वस्ती, जिल्हा परिषदेची एका खोलीची शाळा, पहिली ते चौथीची मिळून वीस-बावीस मुलं आणि या चारही वर्गांना मिळून एकच शिक्षक. अशा शाळा आमच्या भागात डोंगराच्या प्रत्येक सोंडेवर सापडतील. पण २००७ सालच्या अखेरीस या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात एकेक लॅपटॉप आला. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग दिल्लीत नाही, बंगळूरला नाही, आमच्या रायगडात झाला!

मी तेव्हा नोकरीत होते, निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. आमच्या शिक्षकखोलीत त्या बातमीवर दोन मधल्या सुट्ट्या चर्चा रंगली. आमच्याकडे आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलांना मिळून आठ संगणक होते, त्यातले चालू तीन, आणि खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असे ते गृहस्थ बहुधा रजेवर. त्यामुळे धनगरवाड्यातल्या पहिलीच्या मुलाकडे स्वतःचा लॅपटॉप, हे ऐकून कुणी हसलं, कुणी हळहळलं, आणि आमचे गणिताचे सर म्हणाले, “चार्ज कुठे करणार?” हा प्रश्न मला पुढे फार उपयोगी पडला.

आता हे सगळं आज का आठवलं? माझी भाची पुण्यात एका शाळेत शिकवते. त्यांच्याकडे येत्या जूनपासून पाचवीच्या पुढच्या प्रत्येक मुलानं टॅब आणायचा आहे. धडे ॲपवर, गृहपाठ ॲपवर, चाचणीही ॲपवर. तिनं फोनवर विचारलं, “मावशी, तू इतकी वर्षं शिकवलंस, तुला काय वाटतं?” मला काय वाटतं ते सांगण्याआधी यापूर्वी काय काय झालं ते सांगावं असं वाटलं. शेवटी मी इतिहासाची शिक्षिका. म्हणून हा लेख.

मुलांच्या हातात मावेल असा संगणक ही कल्पना टॅबच्या दुकानांपेक्षा खूप जुनी आहे. अ‍ॅलन के नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९७२ साली ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. वहीएवढं, कुठेही नेता येईल असं, आणि ‘सर्व वयांच्या मुलांसाठी’. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर कपाटं, त्यामुळे त्यांच्याकडे दाखवायला होता तो पुठ्ठ्याचा नमुना. १९७२ म्हटलं की आमच्या पिढीला दुष्काळ आणि सुकडी आठवते. त्याच साली तिकडे कुणी पुठ्ठ्याची वही हातात धरून हे स्वप्न पाहत होतं, याची मला अजून गंमत वाटते.

ते स्वप्न विकत घेता येईल अशा किमतीत आणायचा विडा उचलला निकोलस नेग्रोपोंटे यांनी. अमेरिकेतल्या एम.आय.टी.मधले हे प्राध्यापक. २००५ साली त्यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसच्या जागतिक परिषदेत नमुना दाखवला. वीज नसलेल्या गावांसाठी बाजूला हातानं फिरवायचा दांडा होता. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो फिरवायला घेतला आणि तो त्यांच्या हातातच आला! पुढे आलेल्या यंत्रात तो दांडा नव्हता.

यंत्र मात्र खरोखर विचार करून बनवलेलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. हिरवं-पांढरं, उचलायला मूठ, धूळपाणी आत जाऊ नये म्हणून रबरी कळफलक, डोक्यावर सशासारखे दोन कान (ते अँटेना), आणि उन्हातही वाचता येईल असा पडदा. पडदा वळवून उलटा दुमडला की ते हातात धरायच्या पाटीसारखं होई. ‘शुगर’ नावाच्या त्याच्या प्रणालीत लिहिणं, चित्र काढणं, फोटो, संगीत असं बरंच काही होतं, आणि एका मुलाचं यंत्र शेजारच्या मुलाच्या यंत्राशी परस्पर बोलू शकत असे. किंमत मात्र शंभर डॉलरवर थांबली नाही. कारखान्यातून यंत्रं निघू लागली तेव्हा ती १८८ डॉलरच्या आसपास गेली होती.

आपल्या सरकारनं ही योजना २००६ सालीच नाकारली होती. केंद्राचे तेव्हाचे शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनं ही कल्पनाच शंकास्पद असल्याचं कळवलं. आधी वर्गखोल्या आणि शिक्षक, मग यंत्रं, असा एकूण सूर. माझ्या मते त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर देशात खडू-फळा मोहीम सुरू झाली होती. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि फळा मिळावा एवढंच तिचं मागणं. त्यानंतर वीस वर्षांनी खैराटला लॅपटॉप पोचला, तरी शिक्षक एकच आणि खोलीही एकच. पण नुसतं ‘आधी शिक्षक’ म्हणून तो दुसरा शिक्षकही आला नाही. म्हणून अर्धं बरोबर म्हणते.

अशा एकशिक्षकी शाळेत खरं शिकवतं कोण, हे ज्यांनी तिथे दिवस काढलाय त्यांना विचारा. चौथीची मुलं पहिलीच्या मुलांना शिकवतात. गुरुजी एका कोपऱ्यात तिसरीचं गणित घेत असतात, तेव्हा दुसऱ्या कोपऱ्यात एखादी दहा वर्षांची ताई बाराखडी घोकून घेत असते. ही पद्धत आपलीच आणि जुनी. अठराव्या शतकाच्या शेवटी अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्यानं मद्रासकडे मुलं वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिली. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, अशी रीत त्यानं आपल्या शाळेत बसवली आणि मायदेशी जाऊन ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजवली. आपल्याकडची धूळपाटीही त्याच जातीची. म्हणजे हातात धरायचं, पुसता येणारं आणि शेजाऱ्याला दाखवता येणारं साधन आपल्या शाळांना नवं नव्हतं. ही हिरवी पाटी महाग होती, तिला वीज लागत होती आणि बिघडली तर गावातला सुतार ती दुरुस्त करू शकत नव्हता, फरक एवढाच. आणि एक मोठा फरक भाषेचा. धनगरवाड्यातल्या मुलाच्या घरची बोली एक, पुस्तकातली मराठी दुसरी आणि यंत्र जन्माला आलं ते इंग्रजीत. शुगर मराठीत आणण्याचं काम पुढे स्वयंसेवकांनी केलं. कुणाची वाहवा नाही, मानधन नाही. अशा लोकांबद्दल मला फार आदर आहे.

भारतात ही योजना मोठी झालीच नाही. मोठी झाली ती दक्षिण अमेरिकेत, आणि तिथल्या दोन देशांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. पेरूनं आठ लाखांहून अधिक यंत्रं घेतली आणि डोंगरातल्या शाळांपर्यंत पोचवली. ३१९ खेड्यांतल्या शाळांचा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २०१२ साली आला. गणित आणि भाषेत काही फरक दिसला नाही. बुद्धीच्या सर्वसाधारण चाचण्यांत थोडा दिसला. उरुग्वे देश लहान, पण त्यानं २००७ ते २००९ या काळात सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला यंत्र दिलं. सोबत शाळाशाळांत इंटरनेट, दुरुस्तीची सोय, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि या सगळ्यासाठी ‘सैबाल’ नावाची कायमची व्यवस्था उभी केली. ती व्यवस्था आजही चालू आहे. यंत्र तेच होतं, बरं का. आमच्या गणिताच्या सरांचा प्रश्न उरुग्वेनं आधी सोडवला.

आपण मात्र घोषणेच्या प्रेमात असतो. २०१० साली पस्तीस डॉलरच्या संगणकाची घोषणा झाली, ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ टॅबलेटचं वाजतगाजत प्रकाशन झालं. पहिल्या आकाशचा पडदा बोटानं चांगला दाबावा लागे, आणि स्वस्त म्हणून बॅटरीही बेताची. पुढच्या वर्षी सुधारलेला आकाश-२ आला, आय.आय.टी. मुंबईनं शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम केलं, आणि मग हळूहळू त्याचं नावच ऐकू येईनासं झालं. मुंबई महापालिकेनं २०१५ साली आठवीच्या मुलांना टॅब दिले. दप्तराचं ओझं कमी व्हावं हा हेतू चांगला होता.

त्याही आधीची आठवण सांगते. पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ साली सुरू झाली. दूरदर्शनवर मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करायचे, ही केवढी मोठी गोष्ट! त्या काळात मी ज्या शाळेत होते (नाव नको) तिथे रंगीत दूरदर्शन संच आला. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि संच मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात गेला. बिघडला तर जबाबदार कोण, म्हणून. वर्षातून दोनदा बाहेर निघे, तेही तपासणीच्या वेळी. बालचित्रवाणी २०१७ साली बंद झाली. तिनं केलेले कार्यक्रम वाईट नव्हते. ते पाहणारी मुलं आणि संच यांच्यामध्ये एक कुलूप होतं.

ते कुलूप काढणारे लोक वरून आले नाहीत, शाळांतूनच निघाले. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची शाळा संदीप गुंड या शिक्षकांनी डिजिटल केली, आणि ती पाहायला राज्यभरातले शिक्षक पदरमोड करून जाऊ लागले. मग गावोगाव लोकवर्गणी काढून शाळांनी पडदे, प्रोजेक्टर, टॅब घेतले. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीला रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले, तेव्हा शाळेच्या एका बाजूला गोठा होता आणि दुसऱ्या बाजूला सामानाची खोली. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्या भाषेत. गुरुजी कन्नड शिकले, पुस्तकांचा मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापले. फोन धरला की कविता ऐकू येते, धड्याचं चित्र हलू लागतं. (हा चौकोनी ठिपक्यांचा कोड १९९४ साली जपानात मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला शोधला गेला. कुठली वस्तू कुठे कामाला येईल सांगता येत नाही.) पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर हे कोड आले, २०१७ साली केंद्राचं ‘दीक्षा’ ॲप आलं आणि देशभर ही पद्धत गेली. डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचं जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालं, त्यातले अर्धे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकले.

क्यूआर कोडमध्ये मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की पुस्तक पुस्तकच राहतं. फोन नसेल, चार्ज नसेल, रेंज नसेल, तरी धडा पानावर असतोच. भाचीला मी पहिलं हेच विचारलं, “टॅब बंद पडला त्या दिवशी तुझा वर्ग भरेल का?” ती गप्प बसली. मग म्हणाली, “मावशी, पुस्तकं आणायलाच बंदी आहे गं.” आता यावर काय बोलायचं! स्वीडनसारख्या देशानं २०२३ साली छापील पुस्तकं पुन्हा वर्गात आणायला सरकारी पैसे मंजूर केले, ते मी तिला कळवलं आहे. पालकसभेत कामाला येईल.

असो. आता आमच्या दाराशी काय घडलं त्याकडे येते.

२०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं. खाली श्रीवर्धन, मुरुडकडे कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती, खांब आडवे, टॉवर मुके. आणि जूनच्या मध्यावर राज्यात शाळेचं नवं वर्ष सुरू झालं, ऑनलाइन! जुलैत दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली, ती मला आवडे, कारण घरातल्या आणि अंगणातल्या वस्तू घेऊन मुलांना काहीतरी करायला सांगत आणि नेटपॅक लागत नसे. बाकी सगळी शाळा व्हॉट्सॲपवर. ‘असर’ची पाहणी सांगते की ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांच्या घरांपैकी २०१८ साली ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२० साली तो ६१.८ टक्के घरांत पोचला. आकडा पाहून बरं वाटतं. पण २०२१च्या पाहणीत हेही निघालं की फोन असलेल्या घरांतल्याही साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांना तो हाताला मिळत नव्हता.

का मिळत नव्हता, ते मोहोपाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. फोन बापाचा. बाप पाताळगंगेच्या कारखान्यात कंत्राटावर, नाहीतर वीटभट्टीवर. सकाळी सातला फोन त्याच्याबरोबर बाहेर पडतो तो रात्री आठला येतो. वर्ग सकाळी दहाला. घरात दोन-तीन भावंडं असली तर मोठ्याची दहावी म्हणून फोन त्याचा. वाडीवरच्या कातकरी कुटुंबांचं तर दिवाळीनंतर घरच हलतं, भट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर परततं. रिचार्ज संपला की तो महिनाभर संपलेलाच.

आमच्या घरामागच्या वाडीतला एक मुलगा तेव्हा पहिलीतून दुसरीत ‘गेला’. म्हणजे पहिलीच्या मार्चमध्ये शाळा बंद झाली, दुसरी त्यानं पाहिलीच नाही. २०२१च्या पावसाळ्यात तो माझ्या ओट्यावर येऊ लागला, बरोबर आणखी चार-पाच जण. अंतर ठेवून, तोंडाला फडकी बांधून. वेळ रात्री आठनंतरची, कारण तेव्हा बापाचा फोन घरी यायचा. फोनवर त्याचा हात असा चाले की मी बघत राहिले. हवं ते गाणं, हवं ते कार्टून क्षणात काढी. पण त्याला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं! मग शोधतो कसा? माइकचं चित्र दाबून बोलायचा. फोन त्याचं ऐकायचा, चित्रं ओळखून तो बोट ठेवायचा. अक्षरांची त्याला गरजच पडली नव्हती. पन्नास वर्षांत मी अनेक प्रकारची निरक्षर मुलं पाहिली होती, ही जात नवी होती.

मी बाराखडीचं ॲप उघडून पाहिलं. ‘अ’ला टाळ्या वाजतात, ‘आ’ला फुगे उडतात. दोन दिवसांत त्यानं फुगे कसे उडवायचे ते शिकून घेतलं, अक्षर राहिलं बाजूला. मग मी त्याचंच शस्त्र घेतलं. २०१७ सालापासून गूगलच्या फोनवर मराठीत बोललं की ते मराठीत लिहून येतं. मी म्हटलं, तू बोल, फोन लिहील, मग ते आपण वाचू. रोज एक वाक्य. तो बोलायचा, पडद्यावर अक्षरं उमटायची, ती मी ओट्यावर खडूनं मोठी लिहायची आणि सगळ्यांनी बोट ठेवून वाचायची. आपणच बोललेलं असल्यानं वाचायला भीती वाटत नाही. आईचं नाव, बैलाचं नाव, ‘आज भाकर करपली’. महिन्याभरात बरीच अक्षरं बसली.

एका रात्री तो भिजून आला, खुशीत होता. पहिल्या पावसात नदीओढ्यांना पाणी आलं की मासे उलट्या प्रवाहात चढतात, त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. परगावच्या नातेवाइकांसाठी सांगते, त्या मासळीची चव वेगळीच. फोन तोंडाजवळ धरून तो म्हणाला, “बाबानं वलगण धरली.” फोननं लिहिलं, ‘बाबाने वर्गणी भरली’. मी काही बोलले नाही. तो पडद्यावर बोट ठेवून वाचू लागला. ‘बाबाने’ झालं. ‘व’ झालं, आणि पुढच्या अक्षरावरच्या रफारापाशी बोट अडकलं. पुन्हा मागे गेला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, हा येडा हाय. इथं ल नाय.”

मी खडू त्याच्या हातात दिला. त्यानं ओट्यावर ‘वलगन’ लिहिलं. ण चुकला, पण शब्द फोनलाही कुठे आला होता! बाकीची मुलं ते बघायला वाकली, आणि तेवढ्यात फोन वाजला. मुकादमाचा होता. मुलगा फोन घेऊन बापाकडे पळाला आणि त्या दिवसाचा वर्ग तिथेच सुटला.